जबह : अनुमती आणि उत्तरदायित्व

धरतीवरील प्रत्येक जिवाच्या उपजीविकेची जबाबदारी ज्याने स्वतःकडे घेतली आहे, त्या अल्लाहची स्तुती असो, आणि ज्यांची दया माणसांपुरती मर्यादित राहिली नाही, त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम असो.



दोन वर्षांपूर्वी ईदुल-अज्हाची नमाज झाल्यावर मी मोहल्ल्यातील एका घरी कुर्बानीसाठी गेलो होतो. त्या घरातील सहावीत शिकणारा मुलगा बोकडाच्या गळ्यात हात टाकून अंगणात बसला होता. तीन आठवडे त्यानेच त्या बोकडाला पाला घातला होता, पाणी पाजले होते. मला पाहून तो उठला आणि म्हणाला, "मौलाना, अल्लाह रहमान आहे असे तुम्हीच मकतबमध्ये शिकवता. मग याला का मारायचे?" घरची मंडळी हसली. माझ्यापुढे आणखी पाच घरे होती. "मोठा झालास की कळेल," एवढे बोलून मी त्याला आत पाठवले आणि बाह्या वर केल्या.

ते उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या मुलाचे माझ्याकडे राहिलेले देणे आहे. आणि हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्यांचे मित्र हेच विचारतात. कधी खऱ्या जिज्ञासेने, कधी टोचण्यासाठी. अशा वेळी आपण बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर "वनस्पतींनाही जीव असतो" असा प्रतिप्रश्न करून वाद जिंकल्याचे समाधान मानतो, नाही तर खाली मान घालून विषय बदलतो. पहिल्या मार्गात प्रामाणिकपणा कमी आहे आणि दुसऱ्यात ज्ञान कमी आहे.

कळवळा हा ईमानचा दोष नव्हे

सर्वप्रथम हे स्पष्ट करू या की, जनावर कापताना मन हलणे ही श्रद्धेतील उणीव नाही. एका सहाबींनी प्रेषितांना (स.) सांगितले की, बकरी जबह करताना मला तिची दया येते. त्यावर प्रेषितांनी त्यांना दटावले नाही, मन घट्ट करण्याचा उपदेशही केला नाही. तू बकरीवर दया करशील तर अल्लाह तुझ्यावर दया करील, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ही हदीस इमाम बुखारी यांनी 'अल-अदबुल मुफरद' या संग्रहात नोंदवली आहे. लक्षात घ्या, सुरी हातात असणाऱ्या माणसालाच हे सांगितले गेले. याचा अर्थ दया आणि जबह या दोन गोष्टी एकाच हाताने व्हाव्यात, अशी इस्लामची अपेक्षा आहे. मी त्या मुलाला आत पाठवले, तेव्हा या हदीसचा अर्धा भाग मी अंगणाबाहेर काढला होता.

जीव कोणाचा?

दिव्य कुरआनच्या सूरह अल-अनआममधील ३८ वी आयत चिंतनीय आहे. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि शेवटी तेही आपल्या पालनकर्त्यापाशी एकत्र केले जातील, असा तिचा आशय आहे. तेथे वापरलेला शब्द 'उमम' हा 'उम्मत' या शब्दाचे अनेकवचन आहे. जो शब्द आपण स्वतःसाठी अभिमानाने वापरतो, तोच अल्लाहने मुंगी, चिमणी आणि बोकडासाठी वापरला आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार कियामतच्या दिवशी शिंगे नसलेल्या मेंढीला शिंगे असलेल्या मेंढीकडूनही न्याय मिळवून दिला जाईल. ज्या न्यायालयात मेंढीची मेंढीविरुद्धची तक्रार ऐकली जाते, तेथे मेंढीची माणसाविरुद्धची तक्रार ऐकली जाणार नाही, असे कोणी समजू नये.

म्हणून इस्लामची भूमिका 'प्राणी माणसाच्या मालकीचे आहेत, तो हवे ते करील' अशी नाही. जीव देणारा अल्लाह आहे आणि जीव त्याचाच आहे. मूळ मालकाने परवानगी दिल्याशिवाय त्याला हात लावण्याचा अधिकार माणसाला नाही. फिकहमधील एक नियम यावर चांगला प्रकाश टाकतो. खाण्यापिण्याच्या वस्तूंबाबत सर्वसाधारण तत्त्व असे की, मनाईचा पुरावा नसेल तर वस्तू वैध आहे. जबीह्याच्या बाबतीत मात्र फुकहांनी हे तत्त्व उलट लावले आहे. वैधतेच्या अटी पूर्ण झाल्याचे सिद्ध होईपर्यंत मांस अवैध समजावे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) शिकारीचे नियम शिकवले. त्यांत हेही होते की, बाण लागलेली शिकार पाण्यात पडलेली आढळली तर ती खाऊ नये, कारण ती बाणाने मेली की पाण्याने, हे तुला ठाऊक नाही. शंका आली की हात मागे घ्यायचा, हा येथील कायदा आहे.

जबह करताना आपण 'बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर' म्हणतो. पुष्कळांना वाटते, हा मांस शुद्ध करणारा मंत्र आहे. वास्तविक ती एक कबुली आहे. मी हे माझ्या बळावर किंवा माझ्या हक्काने करीत नसून ज्याचा हा जीव आहे त्याच्या नावाने, त्याने घातलेल्या मर्यादेत करीत आहे. आणि 'अल्लाह सर्वांत मोठा आहे' हे आपण त्या क्षणी उच्चारतो, ज्या क्षणी सुरी धरणाऱ्याला स्वतः मोठा असल्याचा भ्रम होण्याची सर्वाधिक शक्यता असते.

अनुमती का दिली गेली?

येथे विचारवंत वाचक विचारील की, मुळात परवानगीच का दिली? सूरह अन-नहलच्या आरंभी अल्लाहने गुराढोरांचा उल्लेख आपल्या देणग्यांमध्ये केला आहे. त्यांच्यापासून ऊब मिळते, अन्न मिळते, ती ओझी वाहतात, आणि संध्याकाळी परतताना व सकाळी चरायला निघताना त्यांच्यात सौंदर्यही असते. अन्नाच्या बरोबरीने सौंदर्याचा उल्लेख व्हावा, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. ज्याला कळप परतताना दिसणारे सौंदर्य दिसत नाही, त्याला या देणगीचे केवळ अर्धे मोल कळले.

पृथ्वीवरील सर्वच जमीन धान्य पिकवीत नाही. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी जेथे आपले कुटुंब वसवले, त्या मक्केच्या खोऱ्याला कुरआनने शेती नसलेले खोरे म्हटले आहे. फार दूर कशाला, आपल्या माण-खटावच्या माळरानावर जेथे ज्वारीचाही भरवसा नसतो, तेथे धनगर बांधवांची मेंढरे गवताच्या काडीवर जगतात आणि माणसांना जगवतात. दुष्काळी भागात शेळीला गरिबाची गाय म्हणतात, ते उगीच नव्हे. जे गवत माणूस खाऊ शकत नाही, त्याचे दूध, लोकर आणि मांस करून देणारे हे प्राणी नसते, तर जगाच्या कितीतरी भागांत माणूस वस्तीच करू शकला नसता.

परंतु प्रामाणिकपणे हेही मान्य केले पाहिजे की, मुंबई-पुण्याच्या सदनिकेत राहणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद पुरेसा लागू होत नाही. त्याच्या घराखालील दुकानात डाळ, कडधान्ये आणि भाजी मिळते. मग त्याच्यासाठी उत्तर काय? त्याच्यासाठी उत्तर असे की, परवानगी म्हणजे आज्ञा नव्हे. मांस खाणे हे इस्लामचे कर्तव्य नाही. एखाद्या मुस्लिमाने ते कमी खाल्ले किंवा खाल्लेच नाही, तर तो पापी ठरत नाही. अट एवढीच की, अल्लाहने वैध केलेली वस्तू त्याने स्वतः होऊन अवैध ठरवू नये, किंवा न खाण्याला धर्माची अधिक श्रेष्ठ पायरी समजू नये. इस्लामी इतिहासात अरबी कवी अबुल अला अल-मअर्री (मृत्यू इ. स. १०५७) यांनी अनेक दशके मांस, दूध, अंडी, एवढेच काय मधही वर्ज्य केला होता. आपल्या विद्वानांना त्यांची भूमिका मान्य झाली नाही, परंतु 'दुसऱ्याचा जीव घेण्याचे समर्थन कसे करायचे?' हा प्रश्न आपल्या परंपरेला बाहेरच्यांनी प्रथम विचारला, हा समज मात्र त्यांच्या नावाने खोटा ठरतो.

आणि प्रेषितांच्या (स.) घरी काय शिजत होते? हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, दोन महिन्यांत तीन वेळा चंद्रदर्शन होई आणि प्रेषितांच्या घरांत चूल पेटलेली नसे. खजूर आणि पाणी यांवर दिवस निघत. त्यांनी मांस खाल्ले, ते त्यांना आवडतही असे, परंतु ते रोजचे नव्हते. हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना मांसापासून जपून राहण्यास सांगितले, कारण दारूप्रमाणे त्याचीही चटक लागते. हे कथन इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात आहे. आज आपल्या लग्नांमध्ये मांसाचे किती पदार्थ आहेत यावर यजमानाची प्रतिष्ठा मोजली जाते आणि रात्री उरलेल्या बिर्याणीचे डेग उकिरड्यावर रिकामे होतात. सुननुन-नसाईमध्ये हदीस आहे की, कोणी चिमणी किंवा तिच्याहून मोठा जीव हक्काविना मारला, तर अल्लाह त्याचा जाब विचारील. तिचा हक्क काय, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) सांगितले की, ती जबह करून खावी, डोके छाटून फेकून देऊ नये. शिजवून फेकणारा आणि छाटून फेकणारा यांत अंतर ते किती?

भूतदया आणि रहमत

मराठी भाषेत 'भूतदया' हा एक सुंदर शब्द आहे. पैठणच्या संत एकनाथांची आख्यायिका आपण सर्वांनी शालेय वयात ऐकली आहे. काशीहून रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. मी मराठी साहित्याचा विद्यार्थी असताना ही कथा पुन्हा वाचली, तेव्हा मला बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीस आठवली. एका माणसाने विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरले, तो दातांत धरून वर आणला आणि तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याच्या या कृत्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली. जनावरांबाबतही आम्हाला पुण्य आहे का, असे लोकांनी विचारले, तेव्हा प्रत्येक सजीवाबाबत पुण्य आहे, असे उत्तर मिळाले. उलट, मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री त्यापायी नरकास पात्र ठरली. आपला वारकरी किंवा जैन शेजारी मांस खात नाही, यामागे त्याची श्रद्धा आणि कळवळा आहे. त्याचा मार्ग आपला नसला तरी त्याच्या कळवळ्याची टिंगल करण्याचा अधिकार या हदीस वाचणाऱ्याला उरत नाही.

परवानगीच्या अटी

सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची हदीस आहे. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत 'एहसान', म्हणजे उत्तम रीतीने वागणे, अनिवार्य केले आहे. म्हणून जबह कराल तेव्हा तेही उत्तम रीतीने करा, सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या, असा तिचा सारांश आहे. एक माणूस बकरीला आडवी पाडून तिच्यादेखत सुरी घासत होता. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, तू तिला एकाहून अधिक वेळा मारू इच्छितोस काय? एक जण बकरीला पाय धरून फरफटत नेत होता, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्याला खडसावले की, तिला मरणाकडे न्यायचेच तर नीट ने.

इसवी सनाच्या तेराव्या शतकातील थोर शाफई फकीह इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी ६६०) यांनी आपल्या ग्रंथात माणसावरील प्राण्यांचे हक्कच नोंदवून ठेवले आहेत. जनावर म्हातारे किंवा आजारी झाले आणि त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याला चारा द्यावा. झेपणार नाही एवढे ओझे लादू नये. त्याला इजा करील अशा जनावराबरोबर बांधू नये. जबह करताना सौम्यता बाळगावी आणि जीव पूर्ण गेल्याशिवाय कातडे सोलू नये, हाड मोडू नये. त्याच्या पिलांना त्याच्या डोळ्यांदेखत कापू नये. हे सर्व अंदाजे साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिले गेले आहे.

आता आपल्याकडे पाहू या

बंधूंनो, इथपर्यंत लिहिणे सोपे होते. पुढचे अवघड आहे.

मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आपण रोज पाहतो. दुकानात एका कोंबडीदेखत दुसरी कापली जाते आणि फडफडणारी तशीच पिंपात टाकली जाते. वर 'हलाल' अशी पाटी असते. ईदच्या आधी टेम्पोत दाटीवाटीने भरलेली बकरी पाण्याविना शेकडो किलोमीटर येतात. मंडीत त्यांचे दात पाहतो, वजन पाहतो, रंग पाहतो, पण ती कधी पाणी प्यायली, हे आपण विचारत नाही. आजची ब्रॉयलर कोंबडी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवसांत दोन किलोची होते आणि कापली जाते. प्रेषितांनी (स.) 'जल्लाला', म्हणजे घाणीवर पोसलेल्या जनावराचे मांस व दूध वापरण्यास मनाई केली होती. म्हणजे जनावर काय खाते आणि कसे वाढते, हाही शरीअतचा विषय आहे. कुरआन अन्नासाठी 'हलाल'बरोबर 'तय्यिब', म्हणजे शुद्ध व चांगले, हा शब्द वापरते. आपण पहिला शब्द पाटीवर लिहिला आणि दुसरा विसरलो. शेवटच्या काही सेकंदांचे बिस्मिल्लाह आधीच्या चाळीस दिवसांची हेळसांड झाकू शकत नाही.

इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. ज्या दिवशी त्या मुलाला मी आत पाठवले, त्याच दिवशी पुढच्या एका घरी माझी सुरी बोथट झाल्याचे माझ्या लक्षात आले. धार लावण्याचा दगड पिशवीत होता आणि पिशवी आधीच्या घरी राहिली होती. परत जायला दहा मिनिटे लागली असती. मी गेलो नाही. एका फिरवणीत जे व्हायला हवे, ते झाले नाही. मला पुन्हा पुन्हा सुरी ओढावी लागली. त्या जनावराचे डोळे मी आजही विसरलेलो नाही. माझ्याबरोबर असलेले वयोवृद्ध खाटीक तेथे काही बोलले नाहीत. परतताना एवढेच म्हणाले, "मौलाना, तुमचे बिस्मिल्लाह बरोबर होते, सुरी बरोबर नव्हती."

मदरशात मी जबीह्याचा पूर्ण अध्याय शिकलो आहे. श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन रक्तवाहिन्या यांबाबत इमामांचे मतभेद मला तोंडपाठ आहेत. एहसानची हदीस तर मी दरवर्षी ईदच्या खुतब्यात सांगतो. त्या दिवशी ज्ञान माझ्याकडे होते आणि अमल त्या खाटीककाकांकडे होता. आपल्या जुन्या गावगाड्यात मुलाणी असे. गावातील सर्व जातिधर्मांचे लोक आपले बकरे कापण्यासाठी त्याला बोलावत. मांस शुद्ध व्हावे म्हणून बोलावत, हे खरे, पण त्यामागे एक विश्वासही होता की, हा माणूस अल्लाहचे नाव घेऊन आणि हात चालवायला शिकून हे काम करतो. तो विश्वास टिकवणे आता आपल्या हाती आहे.

कुर्बानी आणि तिचे पोहोचणे

सूरह अल-हज्जच्या ३७ व्या आयतीत कुर्बानीचे सार आहे. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तुमचा तकवा पोहोचतो. त्याआधीच्याच आयतीत त्यातून खाण्यास आणि गरजूंना खाऊ घालण्यास सांगितले आहे. जो गरजू मागतो त्यालाही आणि जो संकोचाने मागत नाही त्यालाही. हनफी मतानुसार ऐपतदारावर कुर्बानी वाजिब आहे, तर कोकणातील आपले शाफई बांधव तिला सुन्नते मुअक्कदा मानतात. परंतु ती फ्रीज भरण्यासाठी आहे, असे कोणत्याही इमामांनी म्हटलेले नाही.

तकव्याची काही लक्षणे डोळ्यांना दिसतात. जनावराला सावली व पाणी देणे, सुरी आधीच लावून ठेवणे आणि प्रत्येक जनावरानंतर तिची धार तपासणे, एकाला दुसऱ्यादेखत न कापणे, जीव पूर्ण जाईपर्यंत हात न लावणे. ज्याला हे काम येत नाही त्याने हौस म्हणून सुरी न धरता जाणकाराला द्यावी, आणि त्याची मजुरी कुर्बानीच्या मांसातून नव्हे तर वेगळी द्यावी, जसे हजरत अली (रजि.) यांना सांगितले गेले होते. मोबाइलवर चित्रण करून पसरवणे ही इबादत नाही. रक्त व अवशेष रस्त्यावर येऊ न देणे हा शेजाऱ्याचा हक्क आहे. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूच्याही कत्तलीला मनाई आहे. ज्या देशात आपण राहतो त्याच्या कायद्याचे पालन करूनही कुर्बानी पूर्ण होते.

आता त्या मुलाला सांगतो. बाळा, तू विचारलेस, अल्लाह रहमान आहे तर याला का मारायचे? अल्लाहने आपल्याला त्याचा जीव दिला तो भुकेसाठी आणि वाटून खाण्यासाठी, खेळण्यासाठी नाही. त्याने ही परवानगी दगडाच्या काळजाच्या माणसाला दिलेली नाही. ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याच्या हातून हे काम नीट होते. तुला रडू आले, ते पुसू नकोस. मोठा होऊन तू मांस खाशील किंवा खाणार नाहीस, दोन्ही तुला मोकळे आहे. पण सुरी हाती घेशील तर तिची धार आणि तुझा कळवळा, दोन्ही सांभाळ. त्या दिवशी मला हे सांगता आले नाही, त्याबद्दल मला माफ कर.

हे अल्लाह, ज्या मुक्या जिवांबाबत आमच्याकडून अन्याय झाला, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर. आमच्या हातांत एहसान दे, आमच्या अन्नात पावित्र्य दे आणि आमच्या अंतःकरणांतून दया काढून घेऊ नकोस. आमीन.